बारावीनंतर फौज की इंजिनिअरिंग?

‘फौजेत जायचे की इंजिनिअर व्हायचे’ हा प्रश्न जालना जिल्ह्यातील अनेक घरांत बारावी विज्ञानाच्या निकालाच्या सुमारास निघतो. पण तो असा मांडला की मुळातच फसतो, कारण लष्कराच्या एका वाटेने अभियांत्रिकीची पदवीच हाती येते, तर दुसऱ्या वाटेच्या नावात ‘टेक्निकल’ असूनही पदवीशी तिचा संबंध नसतो.

पहिली वाट भूदलाच्या ‘टेक्निकल एंट्री स्कीम’ची, म्हणजे बारावीनंतर थेट तांत्रिक अधिकारी घडवणाऱ्या योजनेची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणितात ६० टक्के गुण मिळवलेला, जेईई मेन ही देशपातळीवरील अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा दिलेला, साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा अविवाहित मुलगा तिला पात्र ठरतो. निवड झाल्यास तीन वर्षे पुणे, महू किंवा सिकंदराबाद येथील लष्करी तांत्रिक महाविद्यालयात आणि एक वर्ष डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत अशी चार वर्षे सरकारी खर्चाने जातात आणि पदवीबरोबर लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो, ज्याचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. मात्र जेईईचे गुण फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात. खरी पारख सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या पाच दिवसांत होते. तेथे अनोळखी मुलांच्या गटाला फळी, बल्ली व दोरी देऊन अडथळे पार करायला सांगतात आणि उत्तर कोणाला सापडले यापेक्षा गटाला पुढे कोण नेतो हे पाहतात. संपूर्ण देशासाठी एका तुकडीत साधारण ९० जागा असल्याने केवळ या योजनेच्या भरवशावर कॅप राउंडमधील, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतील, अभियांत्रिकीचा प्रवेश सोडणे हा जुगार ठरतो.

दुसरी वाट, अग्निवीर टेक्निकल, ही २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील सैनिकाची भरती आहे. तिची मुदत चार वर्षांची असून त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम केले जाते. ज्या घराला लगेच पगार हवा आहे त्याला ती उपयोगी पडेल, पण तिला पदवीचा पर्याय मानणे चूक आहे.

नेहमीची पदवी जालना शहरातही घेता येते आणि येथील पोलाद उद्योगामुळे यंत्र व विद्युत शाखांना घराजवळ कामाचा वाव आहे. २०२४ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेने प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क माफ झाले आहे. शिवाय या पदवीने फौजेचे दार बंद होत नाही, कारण अभियंत्यांसाठीच्या तांत्रिक प्रवेशांना २७ वर्षांपर्यंत मुभा असते आणि त्यांतील अल्पकालीन सेवेत मुलींनाही जाता येते. उलट बारावीनंतरची तांत्रिक योजना साडेएकोणिसाव्या वर्षी कायमची हातची जाते.

म्हणून आधी बारावीनंतरच्या योजनेसाठी प्रयत्न करावा आणि त्याच वेळी पदवीचा प्रवेश पक्का ठेवावा, हाच क्रम शहाणपणाचा. त्यात अडचण येते ती एका अर्जाची: राज्यातील महाविद्यालयांना एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा पुरते, म्हणून जेईई मेनचा अर्ज न भरणाऱ्या मुलासाठी लष्कराची ही वाट निकालाआधीच मिटलेली असते. फौजेचा विचार मनात असलेल्या विद्यार्थ्याने बारावीच्या वर्षी सीईटीबरोबर जेईई मेनचाही अर्ज भरावा.