बांधावरची पांढरी फुले : माका कोणता, गाजरगवत कोणते?

पावसाळ्यात पाटाच्या कडेला, बांधावर, पडीक जागेत पांढऱ्या फुलांची रानझाडे माजतात. तेलासाठी माका आणायला पोराला धाडले, की दिसेल ते पांढरे फूल तो उपटून आणतो. माका, एकदांडी व गाजरगवत ही तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. पण गुण निराळे. म्हणून ओळख पक्की हवी.

माका : याला ओल लागते. भातखाचराचा बांध, पाटाची कड, विहिरीजवळची सांडपाण्याची जागा येथे तो सापडतो. खोड तांबूस, पाने समोरासमोर, लांबट, खरखरीत व जवळजवळ बिनदेठाची. फूल सदऱ्याच्या बटणाएवढे, मध्यभागही पांढरट. पान तळहातावर चोळले, की रस थोड्या वेळाने काळा पडतो. ही खरी खूण.

एकदांडी : ही कोरड्या माळावर व रस्त्याकडेला पसरते. पाने दातेरी. लांब बारीक दांड्यावर एकच फूल. मध्य पिवळा, भोवती मोजक्या फिकट पाकळ्या. पाल्याचा रस जखमेवर लावण्याची खेड्यात रीत आहे. तरी खोल जखमेला किंवा गंजका खिळा लागल्यास दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावेच.

गाजरगवत : पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, उंची कमरेपर्यंत किंवा अधिक. शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. हे तण मूळचे अमेरिकेतले. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. एक झाड हजारो बिया टाकते. स्पर्शाने अंगाला खाज व चट्टे उठतात, परागाने काहींना शिंका व दमा होतो. जनावरांच्या खाण्यात आल्यास दूध कडवट लागते.

उपाय : फुलावर येण्यापूर्वी, जमिनीत ओल असताना, हातमोजे घालून किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून हे गवत मुळासकट उपटावे. बिनफुलाचे झाड कंपोस्टच्या खड्ड्यात चालते; फुलावर आलेले टाकू नये, नाहीतर बी खतातून शेतात परत येते. पाने खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये बंगळूर भागात प्रथम सोडले गेले. पावसाळ्यात ते पानांवर दिसल्यास मारू नयेत.

माक्याचा रस पोटात घ्यायचा असेल, तर वैद्याला विचारूनच घ्यावा. आणि आणलेला पाला कढईत टाकण्यापूर्वी आधी पान पाहावे. गाजरासारखे चिरलेले असेल, तर हात न लावता बाजूला काढावे. लांबट असेल तरच चोळून रस काळा पडतो का ते बघावे.