आधी व्हायोलिन, मग सिनेमा

हॉलिवूडच्या संगीताचा विषय निघाला की गप्पा जॉन विल्यम्सपासून सुरू होतात आणि हान्स झिमरवर थांबतात. माझं कुतूहल मात्र कित्येक वर्षं एका भलत्याच माणसाभोवती घोटाळत आलंय. जॉन कॉरिलियानो यांचं संगीत असलेले तीनच कथापट पडद्यावर आले. पहिल्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, तिसऱ्याला ऑस्कर. चौथ्यासाठी त्यांनी लिहिलेलं संगीत चक्क बाजूला ठेवलं गेलं.

अमेरिकेत मैफलीचा संगीतकार आणि सिनेमाचा संगीतकार यांच्या पंगती पूर्वीपासून वेगळ्या. ही रेघ ओलांडणाऱ्यांचे अनुभव फारसे बरे नाहीत. एरन कॉपलंडना 'द हेअरेस'साठी ऑस्कर मिळालं, पण स्टुडिओने त्यांच्या शीर्षकसंगीतात एका जुन्या फ्रेंच गाण्याची सुरावट परस्पर घुसवली होती. कॉपलंडनी त्या भागापुरते जाहीर हात झटकले आणि पुढे दशकभर कथापटाच्या वाटेला गेले नाहीत.

कॉरिलियानो यांना तर घरातूनच विरोध होता. वडील, तेही जॉन कॉरिलियानोच, 1943 ते 1966 अशी तेवीस वर्षं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनवादकांचे म्होरके. नव्या रचनाकारांचे हाल त्यांनी फार जवळून पाहिले होते. वादकांना नवं नको असतं, श्रोत्यांना त्याहून नको असतं. मुलाने या फंदात पडू नये, असं त्यांचं स्पष्ट मत. 1963 साली पंचविशीतल्या मुलाने व्हायोलिन आणि पियानोसाठी सोनाटा लिहिला. वडिलांनी तो हातातही घेतला नाही. पुढच्या वर्षी इटलीतल्या स्पोलेतोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं, इतर वादक तो वाजवू लागले. मग वडील नमले, त्यांनी तो बसवला, वाजवला आणि राल्फ व्होटापेक यांच्या पियानोसोबत ध्वनिमुद्रितही केला.

1975 साली वडील वारले. दोन वर्षांनी आलेल्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोमधला मधला भाग हा त्यांच्यासाठीचा विलाप आहे. त्यात क्लॅरिनेटशी प्रदीर्घ संवाद करतं ते एकटं व्हायोलिन. लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी ही रचना वडिलांच्याच वाद्यवृंदाकडून पहिल्यांदा सादर केली. पुढे लॉस एंजेलिसच्या एका मैफलीत ती केन रसेलच्या कानी पडली आणि त्या वल्ली दिग्दर्शकाने 'ऑल्टर्ड स्टेट्स' (1980) कॉरिलियानो यांच्या हवाली केला. शोकातून निघालेली वाट भ्रमाच्या, किंचाळणाऱ्या संगीताकडे गेली. दुसरा चित्रपट 'रेव्होल्यूशन' (1985) दणकून आपटला. त्यानंतर एड्सने नेलेल्या मित्रांसाठी लिहिलेली पहिली सिंफनी 1990 साली शिकागोत झाली. तिच्यावर स्वतंत्र लेख व्हावा, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचं आहे ते 'द रेड व्हायोलिन'पाशी. दिग्दर्शक फ्रांस्वा जिरार. क्रेमोनाचा एक कारागीर 1681 साली व्हायोलिन घडवतो, बाळंतपणात गेलेल्या बायकोचं रक्त रोगणात मिसळतो, आणि ते वाद्य तीन शतकं हातोहाती फिरत माँट्रियलच्या लिलावात पोचतं. हॉलिवूडच्या रिवाजाप्रमाणे संगीतकाराला बोलावतात चित्रपट कापून-जोडून झाल्यावर. त्याच्या आधी कुणीतरी दुसऱ्याचं संगीत तात्पुरतं लावून ठेवलेलं असतं आणि दिग्दर्शकाच्या कानात तेच बसलेलं असतं. आपल्याकडे गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, मग चित्रित. इथेही तसंच करावं लागलं, कारण पडद्यावरच्या पात्रांची बोटं सुरांबरहुकूम हलायला हवी होती. व्हिएन्नातल्या अनाथ मुलाच्या भूमिकेत तर खराच वादक घेतला होता, क्रिस्टोफ कोन्झ. मोठेपणी तो व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये दुसऱ्या व्हायोलिनांचा प्रमुख झाला.

म्हणून कॉरिलियानो यांनी चित्रीकरणाआधी मोजकं साहित्य तयार केलं: कारागिराची बायको गुणगुणते ती सुरावट, सात स्वरसंघांची फिरती शकॉन आणि काही अभ्यासिका. शकॉन म्हणजे लेहऱ्यासारखी चीज. खालचं आवर्तन तेच, वरचा विस्तार दर वेळी निराळा. पार्श्वसंगीताचं काम सुरू व्हायला अवकाश होता. तेवढ्यात याच साहित्यातून त्यांनी सतरा-एक मिनिटांची मैफलीची रचना उभी केली. नोव्हेंबर 1997 मध्ये व्हायोलिनवादक जोशुआ बेलने ती सॅन फ्रान्सिस्कोत वाजवली, तेव्हा चित्रपट प्रदर्शित व्हायचा होता. मार्च 2000 मध्ये ऑस्कर मिळालं, तेही जॉन विल्यम्स आणि थॉमस न्यूमन स्पर्धेत असताना.

2003 साली त्या शकॉनला आणखी तीन भाग जोडून पूर्ण कॉन्चेर्टो झाला. त्याच्यासोबतच्या टिपणात कॉरिलियानो यांनी तो वडिलांच्या स्मृतीला वाहिला आहे. लहानपणी घरात वडिलांचा रियाज चाले, ते मोठमोठे कॉन्चेर्टो घोटत. आपणही एक त्यांच्यासाठी लिहावा ही इच्छा राहून गेली होती. अखेरच्या भागात वादक गज इतका दाबतो की सूर नाहीसा होऊन नुसती करकर उरते. मला तो भाग थोडा दिखाऊ वाटतो. शकॉन एकटी ऐकावी, ती पुरेशी आहे. पण कॉन्चेर्टो ज्याच्या वादनासाठी लिहिला त्या बेलला हात दाखवायला जागा हवीच होती, हेही खरं.

मग आला 'एज ऑफ डार्कनेस' (2010). मुलगी गमावलेल्या बॉस्टनच्या पोलिसाची गोष्ट. शोकाचं संगीत लिहिणाऱ्याला याहून जवळचा विषय कुठला? तरी त्यांचं संगीत काढून हॉवर्ड शोर यांच्याकडून नवं घेतलं गेलं. यात शोर यांचा दोष नाही, हॉलिवूडमध्ये हे नित्याचंच. 'रेड व्हायोलिन'मध्ये संगीतकाराला पहिला मान मिळाला तो कुणाला संगीताचा फार पुळका होता म्हणून नव्हे, नटांच्या बोटांची अडचण होती म्हणून. पात्राच्या हातात व्हायोलिनऐवजी पिस्तूल आलं, आणि ऑस्कर, पुलित्झर दोन्ही मिळवलेल्या रचनाकाराचा नंबर पुन्हा सगळ्यांच्या मागे गेला.