झेंडा मैदानात येतो तेव्हा

२९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये स्वतंत्र भारताचे पथक पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या संचलनात उतरले. पथकापुढचा तिरंगा एका फुटबॉलपटूच्या हातात होता. त्याचे नाव तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतला हा तरुण कोलकात्यात डॉक्टरकी शिकत होता, मोहन बागानकडून खेळत होता आणि भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार होता. दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, त्याच्या संघाने फ्रान्सशी सामना खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि फ्रान्सने सामना २-१ असा जिंकला.

त्याच ऑलिम्पिकच्या भारतीय पथकात कराडजवळच्या गोळेश्वरचा एक बावीस वर्षांचा पैलवान होता : खाशाबा दादासाहेब जाधव.

आओच्या हातातला तो झेंडा घटना समितीने स्वीकारून पुरते एक वर्षच झाले होते. चक्राच्या जागी चरखा असलेला त्याचा आधीचा अवतार घेऊन रस्त्यावर उतरणे म्हणजे सरकारशी वैर पत्करणे होते, आणि सातारा जिल्ह्यात अशा मोर्चांवर गोळ्या चालल्या होत्या. फुटबॉलच्या सामन्यात राजकारण, निषेध आणि झेंडे यांना जागा असावी का, हा प्रश्न जगभर पुन्हापुन्हा विचारला जातो. सातारा-सांगलीच्या माणसाने त्याचे उत्तर शोधताना इथूनच सुरुवात करावी. आज ज्याच्यापुढे आपण उभे राहतो तो राष्ट्रध्वज कालपर्यंत निषेधाचाच झेंडा होता.

१९४२ च्या ऑगस्टपासून सप्टेंबरपर्यंतचे आठवडे या भागाने कसे काढले ते पाहा. तेव्हा कराड, वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके एकाच सातारा जिल्ह्यात होते. सांगली हे पटवर्धनांचे वेगळे संस्थान. २४ ऑगस्टला बाळकृष्ण पाटील उंडाळकरांच्या नेतृत्वाखाली कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर लोकांनी तिरंगा चढवला. ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला आणि हाती तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळ्या चालल्या. चारही ठिकाणी लोकांना कचेरीवर हवे होते ते एवढेच, काठीला बांधलेले तीन रंगांचे कापड. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६ पर्यंत टिकले. सांगलीत २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सोबत्यांसह तुरुंग फोडून बाहेर पडले. जी. डी. बापू लाडांच्या कुंडलला प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे तरुण घडत होते. कुंडल हे नाव आजही दोन कारणांनी घेतले जाते, एक प्रतिसरकार आणि दुसरे तिथले कुस्तीचे मैदान. हा योगायोग मला वाटत नाही. ज्या गावात तालीम होती तिथे अंगात ताकद असलेली, एका हाकेला जमणारी पोरे होती. आणि जत्रेतला कुस्तीचा फड म्हणजे निरोप न धाडता गोळा होणारी हजारोंची गर्दी.

खाशाबा या दिवसांत कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत होते. भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोचवणे ही कामे त्यांनी केली. त्यांच्या चरित्रात सांगितले जाते की १५ ऑगस्ट १९४७ ला त्यांनी मनाशी गाठ बांधली, ऑलिम्पिकच्या मैदानावर हा झेंडा चढवायचा. लंडनला ते सहावे आले. तिथली कुस्ती गादीवर होती आणि हे लाल मातीतले मल्ल. ते परतले आणि पुन्हा तयारीला लागले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पदक समारंभात पहिल्या तीन देशांचे ध्वज चढतात. त्यांतला एक तिरंगा होता. तासगावच्या कचेरीवर तो चढला त्याला दहा वर्षेही झाली नव्हती. कराड स्टेशनवरून गोळेश्वरला खाशाबांची मिरवणूक निघाली ती शंभराहून अधिक बैलगाड्यांची. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि आलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.

भारतीय खेळाडूंनी झेंड्याचे राजकारण याच्याही आधी केले होते, पण दाराआड. १५ ऑगस्ट १९३६ ला बर्लिनमध्ये हॉकीचा अंतिम सामना जर्मनीविरुद्ध होता. संघ अधिकृतपणे ब्रिटिश हिंदुस्थानच्या निशाणाखाली खेळत होता. सामन्याआधी कपडे बदलण्याच्या खोलीत संघाच्या व्यवस्थापनातले पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा काढला, ध्यानचंद आणि सहकाऱ्यांनी त्याला वंदन केले आणि मग मैदानात जाऊन ८-१ असा विजय मिळवला. बाहेर प्रेक्षकांना याचा पत्ताही नव्हता. ‘खेळात राजकारण नको’ असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, त्या खोलीत घडले ते चुकीचे होते काय? माझे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे.

तरीही दुसरी बाजू खोटी नाही, आणि तीही याच मातीतल्या एका माणसाच्या आयुष्यात दिसते. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. मराठी ख्रिस्ती कुटुंबातला हा मुलगा मोठा फलंदाज झाला तेव्हा मुंबईतली सर्वांत गाजलेली स्पर्धा होती पंचरंगी. तिथे संघ धर्मावर पाडलेले असत : युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान, आणि १९३७ पासून ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले सगळे. ख्रिस्ती हजारे त्या उरलेल्यांत. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. उरलेल्यांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या. समोर त्यांचे भाऊ विवेक खिंड लढवत उभे होते. दोघांनी मिळून तीनशे धावा जोडल्या आणि त्यांत विवेक यांचा वाटा अवघा २१ चा. तरी संघ डावाने हरला. इतकी अलौकिक खेळी, पण धावफलकावर त्या माणसाची ओळख ‘उरलेला’ अशी.

महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्ये वर्ध्याला भेटायला आलेल्या हिंदू जिमखान्याच्या मंडळींना या जातीय सामन्यांविरुद्ध स्पष्ट कौल दिला होता. खेळाच्या मैदानात धर्माचे तट नकोत, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने मिठाच्या मुठीचेही राजकारण केले त्याने मैदानाला राजकारणापासून दूर ठेवा असे सांगितले नाही. मैदानात आधीच घुसलेले तटांचे राजकारण बाहेर काढा असे सांगितले. हा फरक फार महत्त्वाचा आहे. १९४६ नंतर पंचरंगी स्पर्धा बंद पडली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार विजय हजारे होते, आणि संघाला कोणत्याही धर्माचे नाव नव्हते. म्हणजे १९५२ च्या सहा महिन्यांत सांगलीत जन्मलेल्या कर्णधाराने पहिला कसोटी विजय आणला आणि गोळेश्वरच्या मल्लाने पहिले वैयक्तिक पदक. शेजारशेजारच्या मुलखातली ही दोन नावे एकत्र घेतली जात नाहीत, याचे मला वाईट वाटते.

आता फुटबॉलकडे वळू. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीने बास्क लोकांचा झेंडा बेकायदा ठरवला होता. फ्रँको वारले, तरी बंदी कायम होती. ५ डिसेंबर १९७६ ला सान सेबास्तियानमध्ये रेआल सोसिएदाद आणि अॅथलेटिक बिल्बाओ हे कट्टर प्रतिस्पर्धी समोरासमोर होते. दोन्ही संघांचे कर्णधार, कोर्ताबारिया आणि इरिबार, तो बंदी असलेला झेंडा दोघांनी मिळून धरून मैदानात आले. पुढच्याच महिन्यात बंदी उठली. सामना सोसिएदादने ५-० असा जिंकला. म्हणजे झेंडा एकत्र धरल्याने चुरस कणभरही कमी झाली नाही.

त्याहून थक्क करणारी गोष्ट अल्जीरियाची. एप्रिल १९५८ मध्ये फ्रान्सच्या क्लबांतून खेळणारे अल्जीरियन खेळाडू गुपचूप देश सोडून ट्युनिसला जमले. सेंट एटियनचा रशीद मेखलूफी त्यांतला एक. स्वातंत्र्य चळवळीचा हा संघ १९६२ पर्यंत देशोदेशी खेळला, अजून जन्मालाही न आलेल्या देशाचा झेंडा घेऊन. फिफाने त्याला मान्यता दिली नाही. साताऱ्याच्या वाचकाला हे लगेच समजेल. सरकार मानत नसतानाही चाललेले सरकार आपल्या आजोबांनी पाहिले होते.

नियम करणाऱ्यांना तटांचे राजकारण आणि असा निषेध यांतला फरक करता येत नाही, किंवा करायचा नसतो. ऑलिम्पिक सनदेच्या पन्नासाव्या नियमाने मैदानावर राजकीय निदर्शनांना मनाई केली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या प्रेक्षकांनी इस्राएली संघाविरुद्धच्या सामन्यात पॅलेस्टाइनचे झेंडे फडकावले, तेव्हा युएफाने क्लबला दंड केला. प्रेक्षकांनी दंडाच्या रकमेइतकी वर्गणी पॅलेस्टिनी संस्थांसाठी जमवायचे ठरवले आणि दीड लाख पौंडांहून अधिक रक्कम गोळा झाली. दंडाने झेंडे थांबले नाहीत, मदत मात्र उभी राहिली. आपल्या ध्वजसंहितेत याविषयी एक सुंदर बारकावा आहे : महत्त्वाच्या क्रीडा प्रसंगी लोकांनी कागदी तिरंगा हाती धरून फडकवायला हरकत नाही, पण नंतर तो जमिनीवर टाकू नये. ‘आणू नका’ म्हणण्याऐवजी ‘आणलात तर सांभाळा’ असे सांगणारा हा नियम मला शहाणपणाचा वाटतो.

आपल्याला सर्वांत जवळचे फुटबॉलचे वेड कोल्हापूरचे. राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तालमींनीच तिथे फुटबॉल पोसला. गॅलरीत झेंडे असतात ते पेठांचे आणि तालमींचे, आणि ती ईर्ष्या पाहण्यासारखी असते. पण समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी सामने थांबण्याची वेळही तिथे आली आहे. रंग हा आपल्या संघाला हाक मारण्यासाठी असतो. तो शेजारच्या पेठेला हिणवायला वापरला की पंचरंगीचे भूत गॅलरीत येऊन बसते.

म्हणून झेंडा राजकीय आहे की नाही, हे विचारून काही हाती लागत नाही. तिरंगाही राजकीयच होता. मी एवढेच पाहतो की समोरच्या संघालाही त्या झेंड्याच्या काठीला हात लावता येईल का. इरिबार आणि कोर्ताबारियाला लावता आला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातही तो लागला. आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला आणि शहर पेटून उठले. बंदोबस्ताचे कारण देऊन १८ ऑगस्टचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना रद्द करण्यात आला. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे समर्थक, आणि मोहमेडन स्पोर्टिंगचेही, आपापले झेंडे घेऊन सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले आणि न्याय मागितला. पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्रच खाल्ल्या. शंभर वर्षे ज्यांनी एकमेकांशी वैर जपले त्यांच्या हातात त्या दिवशी एकच मागणी होती. ते वैद्यकीय महाविद्यालय पूर्वी कारमायकेल या नावाने ओळखले जाई. वेम्ब्लीत तिरंगा धरणारे तालिमेरेन आओ तिथेच डॉक्टर झाले.

खाशाबा जाधव १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. सातारा-सांगलीच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. १९४२ ते १९४६ या काळात तुमच्या गावच्या फडात, तालमीत किंवा शाळेच्या मैदानावर कोणी तिरंगा लावला होता असे घरातल्या जुन्या माणसांनी सांगितले असेल, तर गाव, साल आणि लावणाऱ्याचे नाव लिहून काढा आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.