लांबी फुगते तेव्हा

‘आईच्या मांडीच्या हाडात कॅन्सर पसरलाय. ठणका समजू शकतो, पण पायाला नुसती चादर लागली तरी ती कळवळते, ते का?’ असं एका वाचकाने विचारलंय.

ठणक्याचं मूळ हाडातच आहे. कॅन्सरच्या चिथावणीने ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड कुरतडतात, त्यासाठी आम्ल सोडतात आणि ते तिथल्या मज्जातंतूंना झोंबतं. चादरीचं कोडं मात्र मज्जारज्जूत नेतं.

1999 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या पॅट्रिक मँटी यांच्या गटाने उंदरांच्या मांडीच्या हाडात सार्कोमाच्या पेशी सोडल्या आणि भोक बुजवलं ते दाढेत भरतात त्या चांदीने! पुढे मज्जारज्जू तपासला, तर एरवी दुखू नये अशा हलक्या दाबालाही तिथल्या पेशी वेदनेसारखाच प्रतिसाद देत होत्या. चेतापेशी मेल्या नव्हत्या, पण कॅन्सर झालेल्या पायाच्या बाजूच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी मात्र अफाट फुगल्या होत्या.

अ‍ॅस्ट्रोसाइट ज्या ग्लिया कुळातल्या, त्याची ओळख 1856 मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी करून दिली ती ‘चेतांचं किट’ म्हणून. जर्मनमध्ये किट म्हणजे सुतार खिडकीच्या काचेभोवती भरतो ती लांबी. फटी बुजवायच्या, एवढंच काम! हे नाव शतकभर चिकटलं आणि शास्त्रज्ञांची नजर चेतापेशींवरच राहिली. वास्तविक संदेश पोचल्यावर उरलेलं ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन उचलून जागा साफ करतात त्या या ‘लांबी’च्याच पेशी. त्या बिथरल्या की उलट दाह वाढवणारी रसायनं सोडतात, शेजारच्या चेतापेशी हळव्या होतात आणि मज्जारज्जू स्पर्शालाच वेदना समजू लागतो.

मग ग्लिया शांत करणारं औषध दिलं की झालं? उंदरांवरच्या प्रयोगांनंतर असे मथळे झळकतात खरे. पण ग्लियाला आवरणारं प्रोपेंटोफायलिन नागिणीनंतरच्या वेदनेवर माणसांत तपासलं, तेव्हा 2012 च्या अहवालात ते फोल ठरलं. ती वेदना वेगळी, हे मान्य. मँटींच्याच गटाने 2000 मध्ये दाखवलं की सूज, मज्जातंतूची इजा आणि हाडाचा कॅन्सर मज्जारज्जूत तीन वेगवेगळ्या खुणा सोडतात. उंदरांत तर तेवढ्याच तीव्रतेच्या सुजेच्या वेदनेपेक्षा हाडाच्या कॅन्सरला दहापट मॉर्फिन लागलं.

म्हणून आईच्या डॉक्टरांना ‘दुखतं’ एवढंच सांगू नका. ठणका कधी उठतो आणि चादर कुठे लागली की कळ येते, हे वेगवेगळं सांगा. हाडाच्या वेदनेवर किरणोपचार, आपल्या बोलीतला ‘शेक’, अनेकदा एकाच बैठकीत देता येतो. त्याबद्दलही विचारा.