दोष काढायचे आणि दोष घालायचेही : अतिसंवाहक तारेच्या आत

अतिसंवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, ठरावीक तापमानाखाली थंड केला की त्याचा विद्युतरोध शून्य होतो, हे आपण मागच्या वेळी पाहिलं. १९११ साली लायडनमध्ये कामर्लिंग ऑनेस यांना हे पाऱ्यात प्रथम दिसलं, ४.२ केल्विनला, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसला. पुढे १९८७ मध्ये इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं एक संयुग ९० केल्विनच्याही वर अतिसंवाहक होतं असं आढळलं. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो आणि तो द्रव हीलियमपेक्षा कितीतरी स्वस्त. तेव्हा अनेकांना वाटलं, आता काम फत्ते! मग याची लांबलचक तार करायला पुढची वीसेक वर्षं का लागली? आजचा आपला प्रश्न हाच.

याचं थोडक्यात उत्तर असं. पदार्थ कोणत्या तापमानाला अतिसंवाहक होणार, हे मुख्यतः त्याच्या रासायनिक घडणीवर ठरतं. पण तो किती प्रवाह वाहून नेणार, हे ठरतं त्याच्या सूक्ष्मरचनेवर, म्हणजे आतले कण कसे बसलेत आणि कुठे काय खोट राहिलीय यावर.

आधी कण घेऊ. हे संयुग म्हणजे एक ठिसूळ सिरॅमिक. भट्टीतून काढलेल्या तुकड्यात असंख्य छोटे स्फटिक असतात, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. घाईघाईत बसवलेल्या लाद्या आठवा. प्रत्येक लादी चांगली, पण रेषेला रेष जुळत नाही. इथेही प्रत्येक कण उत्तम अतिसंवाहक असतो, आणि प्रवाह अडतो तो दोन कणांच्या सीमेवर. १९८८ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ठरावीक कोनात जोडलेल्या दोन स्फटिकांवर या संयुगाचा पातळ थर वाढवला आणि प्रवाह मोजला. कोन वाढला तसा सीमा ओलांडणारा प्रवाह झपाट्याने घटला. आज आपल्याला माहीत आहे की तीन ते पाच अंशांपर्यंत फारसं बिघडत नाही, त्यापुढे मात्र घसरगुंडी सुरू होते.

असं का व्हावं? या पदार्थात अतिसंवाहकता टिकवणारी इलेक्ट्रॉनांची जोडी जेमतेम एक-दोन नॅनोमीटर पसरलेली असते. कणसीमेवरची विस्कटलेली जागाही साधारण तेवढीच रुंद. त्यामुळे जोडीला पलीकडे जाणं अवघड होतं.

यावरचा उपाय पातळ थरांच्या तंत्रातून आला. धातूच्या पट्टीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर वाढत असतानाच त्यावर तिरक्या दिशेने आयनांचा मारा करायचा. योग्य दिशेला बसलेले कण त्यात तगतात, बाकीचे मागे पडतात. वर वाढणारा अतिसंवाहक थर तीच शिस्त उचलतो. हा थर जाडीला एक-दोन मायक्रॉन, पण शेकडो मीटर लांबीत सगळे कण काही अंशांच्या आत एका दिशेला!

इथवर आपण दोष काढत होतो. आता उलटा प्रकार बघा. जोरदार चुंबकीय क्षेत्रात अशा अतिसंवाहकाच्या आत चुंबकीय रेषांचे बारीक भोवरे शिरतात. १९५७ साली अब्रिकोसोव्ह यांनी त्यांचा सिद्धांत मांडला. प्रवाह सोडला की तो या भोवऱ्यांना बाजूला ढकलतो. भोवरे सरकू लागले की ऊर्जा खर्च होते आणि रोध परत येतो. म्हणजे मोकाट गुरं खुंट्याला बांधावीत, तसं या भोवऱ्यांना जागच्या जागी बांधायला हवं. खुंटा कुठला? तर दोष! म्हणून या थरात मुद्दाम बेरियम झिर्कोनेटच्या काही नॅनोमीटर जाडीच्या काड्या वाढवतात.

जुन्या मिश्र तारांतही हीच युक्ती आहे. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेत तापवून आणि ओढून टायटॅनियमच्या अतिसूक्ष्म फिती तयार करतात, त्या भोवरे धरून ठेवतात. भोवतीचं तांबं, कधी अतिसंवाहकता तुटलीच तर, प्रवाह सांभाळून घेतं. सर्नच्या महाकाय त्वरकातले १,२३२ मुख्य वळणचुंबक अशाच तारांवर चालतात. आणि गंमत म्हणजे नायोबियम-टिन या संयुगात कणसीमाच खुंट्याचं काम करतात, त्यामुळे तिथे कण जितके बारीक तितका प्रवाह जास्त. एका पदार्थातला शत्रू दुसऱ्यात मित्र!

सप्टेंबर २०२१ मध्ये एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी अशाच सिरॅमिक पट्ट्यांच्या मोठ्या चुंबकातून २० टेस्ला क्षेत्र मिळवलं. अणुसंमीलनाच्या छोट्या भट्टीचं स्वप्न त्यावर उभं आहे.

म्हणून यापुढे ‘नवा अतिसंवाहक सापडला’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तापमानाचा आकडा बघाच, पण आणखी दोन प्रश्न विचारा. याचे कण एका रेषेत बसवता येतील का? आणि भोवरे कशाला बांधणार? या दोन्हींची उत्तरं मिळाली, तरच त्याची तार होईल.