सुटकेनंतरचे पहिले आठवडे

कॅनडाच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे ५ टक्के आहेत. पण तिथल्या केंद्रीय तुरुंगांत दर तीन कैद्यांमागे जवळपास एक आदिवासी असतो. याचे मूळ आपण समजून घेतले पाहिजे. शंभरावर वर्षे तिथल्या आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवले. स्वतःची भाषा बोलली की मार बसे. ही मुले मोठी झाली, आईबाप झाली. मनातली जखम दारू-नशेच्या वाटेने पुढच्या पिढीत उतरली.

तुटलेले नाते जोडणे हाच यावरचा उपचार मानून १९९५ साली सस्कॅचेवान प्रांतात आदिवासी स्त्री-कैद्यांसाठी ‘ओकिमॉ ओची’ हे केंद्र सुरू झाले. तिथे समाजातली जाणती वडीलधारी माणसे आपल्या रीती-परंपरा शिकवतात. जोडीला व्यसनमुक्तीचे काम चालते. १९९२ च्या कायद्यानुसार, कैद्याची इच्छा असेल तर सुटकेनंतरची योजना त्याचा समाजही मांडू शकतो. म्हणजे फाटकाबाहेर कुणीतरी वाट पाहत असते.

त्याची गरज मोठी आहे. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे जिवाला फार धोक्याचे असतात. तुरुंगात शरीराची नशेची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मापाने नशा केली तर जीव जाऊ शकतो. एकटेपणा आत्महत्येकडे ढकलतो.

आपल्या वस्तीतही कुणी सुटून आले, तर चौकशा नंतर, आधी ताट वाढू या. त्यांना एकटे सोडू नये. टीबीच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर त्या संपण्याआधी सरकारी दवाखान्यात सोबत जाऊ या.