कुंडीलाही वाफसा हवा

कुंडीतल्या तुळशीने मान टाकली की घरात पुढची हालचाल ठरलेली असते. कुणीतरी तांब्या भरून आणते आणि मुळाशी ओतते. संध्याकाळपर्यंत पाने उभी राहिली नाहीत तर आणखी एक तांब्या. दोन दिवसांनी खालची पाने पिवळी पडू लागतात आणि पूजा करणाऱ्या आजी धास्तावतात. दारची तुळस सुकणे अशुभ, ही समजूत अजून पक्की आहे. घरात कुणी आजारी असेल तर हा घोर अधिकच लागतो. पण त्या तुळशीचा घरावरच्या संकटाशी काही संबंध नसतो. पुष्कळदा ती बुडून मेलेली असते.

घरातली झाडे दगावण्याचे सर्वात नेहमीचे कारण जास्त पाणी हे आहे, असे बागकामातले जाणकार सांगत आले आहेत. तरीही चूक पुन्हा पुन्हा होते, कारण तहानलेले झाड आणि बुडालेले झाड वरून अगदी सारखेच दिसते. दोघांचीही पाने लोंबतात आणि शेंडे खाली वाकतात. औषध मात्र नेमके उलटे आहे.

पानाला हाडे नसतात. कोवळे पान किंवा हिरवा देठ ताठ उभा राहतो तो पेशींमध्ये भरलेल्या पाण्याच्या दाबावर, हवा भरलेली सायकलची ट्यूब टणक होते तसा. हा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबाहून कित्येकदा जास्त असतो. पाणी कमी झाले की दाब उतरतो आणि पान मऊ पडते. कोमेजणे म्हणजे इतकेच.

पाणी कमी होते कसे? पानांच्या, विशेषतः खालच्या बाजूला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी झाडाला ती उघडावी लागतात आणि उघडली की त्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते. ही गळती केवढी असते, हे इंग्लंडमधले धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी तराजूवर मोजून दाखवले. कुंडीतली माती झाकून त्यांनी सूर्यफुलाचे वजन रोज केले. दिवसाकाठी ते एक झाड सरासरी अर्ध्या किलोहून जास्त पाणी हवेत सोडत होते. हे प्रयोग त्यांनी १७२७ साली पुस्तकात छापले. (प्राण्याचा रक्तदाब पहिल्यांदा मोजणारे गृहस्थही हेच. माणसाच्या दवाखान्यात आज दंडाला पट्टा गुंडाळतात, त्या परंपरेची सुरुवात झाडे तोलणाऱ्या या पाद्र्यापाशी जाते.)

खर्च पानांतून होतो आणि जमा मुळांतून. खर्च जमेपेक्षा वाढला की झाड माना टाकते. मे महिन्यात विदर्भात दुपारी दोन वाजता बाल्कनीतले झाड लोंबले तर तो नुसता दुपारचा खर्च असतो. माती ओली असेल तर संध्याकाळी ते आपोआप सावरते. त्यावर पाणी ओतण्याची घाई नको. सकाळी सहा वाजताही झाड कोमेजलेलेच दिसले, तर मात्र बिघाड जमेच्या बाजूला आहे असे समजावे.

आता बुडालेल्या झाडाकडे वळू. मुळे जिवंत असतात, श्वास घेतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश तो पाण्यात पसरतो. गुदमरलेली मुळे पाण्यात उभी असूनही पाणी घेऊ शकत नाहीत. पेशींच्या आवरणात पाणी आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनांच्या झडपा असतात. अशी झडप पहिल्यांदा मानवी रक्तातल्या तांबड्या पेशींत सापडली आणि त्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की ऑक्सिजन तुटला की मुळांच्या पेशींतली आम्लता वाढते आणि या झडपा मिटतात. म्हणजे पाण्यात बुडालेले झाड खरोखरच तहानेने कोमेजते. त्याला आणखी पाणी देणे हा सर्वात वाईट उपाय.

पुढचे काम बुरशी करते. पिथियमसारखे बुरशीवर्गीय जीव अशा चिखलाची वाटच पाहत असतात. मुळे कुजतात, मातीला गटारासारखा वास येतो. त्यानंतर माती सुकवली तरी पाणी ओढायला मुळेच उरलेली नसतात.

शेतकऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस उघडल्यावर जमिनीतले जादा पाणी निचरून जाते, ओल राहते आणि पोकळ्यांत हवा खेळू लागते. त्या स्थितीला वाफसा म्हणतात आणि तो आल्याखेरीज कुणी शहाणा शेतकरी पेरणी करत नाही. कुंडीला लागतो तो हाच वाफसा. तो साधण्यात मात्र कुंडी शेतापेक्षा अवघड. पाण्याने भरलेला स्पंज हातात धरला की थोड्या वेळाने गळायचा थांबतो, पण त्याचा खालचा भाग चिंबच राहतो. कुंडीचेही तसेच आहे. वर माती कोरडी भुरभुरीत दिसते आणि तळाशी चिखल असतो. लहान रोप मोठ्या कुंडीत लावले तर हा धोका वाढतो. मुळे न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते.

तुळशीची गोष्ट इथेच उलगडते. अंगणातल्या वृंदावनात माती भरपूर असे आणि ऊन दिवसभर मिळे. तिथे रोजचा तांब्या तुळस सहज पचवत असे. आता तीच तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत आली आहे. ऊन मिळाले तर तास-दोन तास. समोर टॉवर उभा राहिला की तेही गेले. ऊन कमी म्हणजे पानांतून पाण्याचा खर्चही कमी. पावसाळ्यातल्या दमट, ढगाळ आठवड्यांत तो आणखी घटतो. तांब्या मात्र वाड्यातल्या मापाचाच राहिला. रोज पाणी घालण्याचा नेम मोडायची गरज नाही, माप बदलले की पुरे. पूजेच्या पळीतून एक पळी पाणी घातले तरी नेम पाळला जातो आणि मुळेही वाचतात. दूध आणि साखरेच्या चहाचा चोथा यांचे नैवेद्य तिला नकोतच. ते मातीत आंबतात आणि चिलटे बोलावतात.

तेव्हा पाणी घालण्याआधी बोट घालावे. दोन पेरे खोल बोट खुपसून ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. खोल कुंडीत अगरबत्तीची उरलेली काडी तळापर्यंत घालून काढावी, माती चिकटून आली तर तळ ओला आहे. सर्वात भरवशाची खूण वजनाची: पाणी घातल्यावर एकदा कुंडी उचलून पाहिली की कोरडी कुंडी किती हलकी लागते हे हाताला कळू लागते. तहानलेल्या झाडाच्या पानांच्या कडा कुरकुरीत होतात आणि माती कुंडीच्या कडेपासून सुटते. बुडालेल्या झाडाची खालची पाने मऊ, पिवळी पडतात आणि कुंडी जड लागते.

तहानलेल्याला वाचवणे सोपे. फार सुकलेली माती आणि कोकोपीट पाणी धरत नाहीत. वरून घातलेले पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि आपल्याला वाटते, भरपूर झाले. त्यासाठी कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात वीस-तीस मिनिटे ठेवावी. बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी आणि दिवसभर सावलीत ठेवावी. पीस लिलीसारखे झाड काही तासांत उभे राहते.

बुडालेल्यासाठी हात घाण करावे लागतात. झाड कुंडीतून मातीच्या गड्ड्यासकट बाहेर काढायचे. मुळे पांढरी, टणक असतील तर गड्डा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून जादा पाणी शोषून घ्यावे, एवढे पुरते. तपकिरी, बुळबुळीत, ओढली की साल हातात येणारी मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून टाकावीत. मुळे कमी झाली म्हणजे जमा कमी, म्हणून खर्चही कमी करायचा: पानांचा साधारण एक तृतीयांश भाग छाटायचा. मग उरलेल्या मुळांच्या मापाची लहान, भोक असलेली मातीची कुंडी घ्यावी. साध्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी झिरपून सुकते. बागेची माती, कोकोपीट आणि जाड वाळू यांचे मोकळे मिश्रण भरावे. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये. पंधरा दिवस उजेड हवा, दुपारचे ऊन नको.

आणि खत अजिबात नको. आजारी झाडाला ‘ताकद’ म्हणून खत घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, तेच खताचे क्षार दुबळ्या मुळांचे करतात. नवे पान फुटेपर्यंत खताचा पुडा बंद राहिलेला बरा.

खोडाचा बुंधाच काळा, मऊ पडला असेल तर ते झाड गेले असे समजावे. नखाने साल खरवडून खाली हिरवे दिसले तर आशा आहे. तुळशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मंजिऱ्या भरभरून आल्या आणि बी धरले की ती म्हातारी होऊ लागते. वेळच्या वेळी मंजिऱ्या खुडल्या तर आयुष्य वाढते, पण कुंडीतली तुळस फार वर्षे टिकणारी नव्हेच. दोन-तीन वर्षांनी ती वाळली तर तो तिचा वयोमानाने आलेला शेवट असतो.

मनी प्लांट बाटलीतल्या पाण्यात वर्षानुवर्षे कसा जगतो, हा प्रश्न इथे हमखास येतो. पाण्यात फुटलेली मुळे सुरुवातीपासून तिथल्या कमी ऑक्सिजनसाठी घडलेली असतात. मातीत वाढलेल्या मुळांना ती सवय नसते. शिवाय मातीतले सूक्ष्मजीव उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. पण ती बाटली आणि कुंडीखालची बशी यांचा धोका झाडापेक्षा माणसाला मोठा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास उडतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे बशी नुसती उपडी करून भागत नाही, आठवड्यातून एकदा काथ्याने घासावी लागते.

बुंधा गेलेल्या तुळशीचा एखादा शेंडा अजून हिरवा असेल तर मंजिरी नसलेली चार इंची फांदी कापावी, खालची पाने काढावीत आणि ती पेल्यातल्या पाण्यात खिडकीशी ठेवावी. पाणी एक दिवसाआड बदलावे. आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळे दिसतात. ती बोटभर झाली की फांदी लहान कुंडीत लावता येते. तीही जमली नाही तर जुन्या, वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळायच्या. त्यातून मोहरीहून बारीक बी निघते, ते ओल्या मातीवर भुरभुरायचे आणि वरून मातीचा अगदी पातळ थर द्यायचा.